वत्सला शिष्टरचं ताट

आमच्या घरात बायांना ताट नव्हतं. ताटं नव्हती असं नाही. फळीवर पितळेची जडशीळ ताटं ओळीनं उभी असायची, कल्हई केलेली, आणि प्रत्येकाच्या काठावर ठोकून नाव घातलेलं. एकावर आज्याचं, एकावर आबांचं, एकावर चुलत्याचं. पण बाईनं स्वतःसाठी ताट मांडून घ्यायची रीत नव्हती. आबा जेवून उठायचे तेव्हा ताटात भाकरीचा चतकोर, थोडं वरण, कडेला चटणी असं मुद्दाम राखून उठायचे आणि माय त्याच ताटात बसायची. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट मायला त्याचं कवतिक. "बघ गं गया, तुझ्या आबानं आज गुळाचा खडा ठेवला माझ्यासाठी," असं मला दाखवून दाखवून खायची. ह्या रीतीची एक खूण होती, ती आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ती लागणार आहे. ज्या गड्याच्या मागं त्याच्या ताटात कुणी जेवणारं असायचं, तो हात धुवायला उठून मोरीत जायचा. ज्याच्या मागं कुणी नसायचं, तो बसल्या जागी ताटातच हात धुवायचा आणि ते ताट सरळ घासायला पडायचं.

माझी नात हे ऐकून नाक मुरडते. "आजी, शी! उष्टं?" म्हणते. म्हणू दे. ती नांदेडात वाढली, तिच्या घरात प्रत्येकाला ताट आहे आणि जेवताना प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पण मी तिला सांगते, बाई गं, उष्टं खाण्यात जीव जात नसतो. उष्टं कोण ठेवतंय आणि कसं ठेवतंय, त्यात सगळं असतं.

मी मुखेडजवळच्या खेड्यातली. शाळेत जात होते तोवर अक्काला लेकरू झालं आणि माझी शाळा सुटली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण वत्सला. ती नांदेडला नर्सबाईचं शिकून लोह्याजवळच्या एका गावी सरकारी दवाखान्यात लागली होती. तिला ड्यूटी, तर लेकराला धरायचं कुणी? त्या काळी ह्याला एकच उत्तर असायचं, धाकटी बहीण. माझं परकराचं गाठोडं बांधून आबांनी मला बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "शिष्टरबाईची बहीण हाय, दवाखान्याच्या फाट्यावर उतरवा." मला त्याचं वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर न्हाई. शाळेत मास्तर कान पिळायचे, आणि अक्काच्या घरात मी औषधाच्या खोक्यांवरची अक्षरं वाचत वाचत वाचायला शिकले. गोळ्या ज्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायच्या, ते कागद बांधायच्या आधी मी वाचून काढायची. अर्धी बातमी एका पुडीत, अर्धी दुसरीत. अजून मला कुठल्याही बातमीचा शेवट आपल्याच मनानं लावायची सवय आहे.

दवाखान्याच्या मागं अक्काला राहायला क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी, वर पत्रा. दारावर पत्र्याची पाटी, तिच्यावर 'परिचारिका निवास' असं लिहिलेलं. सकाळी स्टोचा फरफर आवाज, त्याच्यावर सुया उकळायचं भांडं, ओट्यावर खोकणाऱ्या बाया, लिंबाच्या झाडाला बांधलेली कुणाची तरी शेळी. अक्का पांढरं लुगडं नेसून दवाखान्याकडं निघाली की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची. म्हातारी माणसंसुद्धा. माझ्या बहिणीला बघून माणसं उठतात, हे बघून मी छबूला, तिच्या लेकराला, कडेवर जरा वर सरकवून घ्यायची, जसं काही ती माणसं माझ्यासाठीच उठली. अक्काच्या मनगटाला घड्याळ असायचं, नाडी बघायला. आख्ख्या गावात बाईच्या हातात घड्याळ तेवढं एकच. पण एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बघितली. दवाखान्यातून घरी येताना उंबऱ्याच्या अलीकडं अक्का थांबायची, घड्याळ काढून कनवटीला खोचायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि मग आत पाऊल टाकायची.

आत दाजी असायचे. माधवराव, अक्काचे मालक. दिसायला देखणा माणूस, आवाज गोड. लोह्याच्या बाजारातून माझ्यासाठी आठवणीनं जिलबी आणायचे, छबूला खांद्यावर बसवून शेळ्या दाखवायला न्यायचे. पुढं घरात जे झालं ते कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. लग्नात ते आमच्यापेक्षा वरचे होते. अहमदपूरकडं त्यांची बागायत, घरात बैल, गावात नाव. आबांनी कर्ज काढलं नाही पण मान मात्र खाली घालूनच मुलगी दिली. दाजींच्या घरच्यांना नोकरीवाली सून पाहिजे होती, तोऱ्यात सांगायला. मग थोरल्या भावानं शेत सगळं आपल्या हाताखाली घेतलं, दाजींचं तिथं पटेना, आणि ते अक्काच्या क्वार्टरात येऊन राहिले. तिथं त्यांना कुणी माधवराव म्हणत नव्हतं. त्यांचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. "शिष्टरचे मालक आले," "शिष्टरच्या मालकाला चहा द्या." आपल्याकडं बाईला फलाण्याची बायको म्हणून जन्म काढावा लागतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण गड्याला कुणी बाईच्या नावानं ओळखलं की त्याच्या अंगाची आग होते.

एकदा जीपमधून मोठे डॉक्टर आले. दाजी ओट्यावर दाढी करत बसले होते. साहेबांनी जीपमधूनच हाक मारली, "अहो, जरा आतून चार खुर्च्या आणा आणि सिस्टरना बोलवा." साहेबाला वाटलं, हा दवाखान्याचा शिपाई. दाजींनी तोंडाचा साबण पुसला, खुर्च्या आणल्या, मांडल्या, हसलेसुद्धा. त्या दुपारी अक्का घरी आली, घड्याळ खोचलं, पदर घेतला, आत गेली. दाजींनी दाराला आतून कडी घातली आणि मला म्हणले, "गये, रेडिओ मोठा कर."

तेव्हापासून ते माझं काम झालं. फळीवरचा रेडिओ मोठा करायचा आणि छबूला घेऊन मोरीपाशी बसायचं. रेडिओवर कधी भजन असायचं, कधी शेतीचं काही, कपाशीवर कुठली फवारणी करायची ते. अजून कुणी कपाशीच्या फवारणीबद्दल बोललं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि माझ्या माहेरी तर कपाशीच होती, आता काय करता.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या डोळ्याखाली निळं दिसायचं. दवाखान्यात पाणी भरायला, झाडझूड करायला कासाबाई म्हणून एक म्हातारी होती. तोंडाची फटकळ, दातात मिसरी, गावातल्या अर्ध्या लेकरांची नाळ तिनं अक्काच्या हाताखाली कापलेली. तिनं विचारलं की अक्का सांगायची, "बाजेचा कोपरा लागला." कासाबाई मिसरी थुंकायची आणि म्हणायची, "लई कोपरे हायत बाई तुमच्या बाजेला. आमच्या बाजेला चारच असतात."

अक्कानं काय काय केलं ते मी बघितलंय. ती स्वतःला कमी करत गेली. रस्त्यानं जाताना त्यांच्या मागं चालायची. कुणी तिला नमस्कार केला तर आधी त्यांच्याकडं बोट दाखवायची, "मालकांना करा." पगार त्यांच्या हातात द्यायची आणि सुईदोऱ्याला मागून घ्यायची. बाजेवर बसायची नाही. दवाखान्यातलं काही घरात बोलायची नाही. एखादीचं अडलेलं बाळंतपण मोकळं करून आली तरी, विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, साधंच होतं." मला तेव्हा वाटायचं, एवढं वाकल्यावर तरी त्यांचं समाधान होईल. झालं उलटंच. ती जितकी खाली बसली तितका त्यांचा हात सोपा पडायला लागला. आज ह्या वयात मी एवढंच शिकले की बाई खाली असली की 'तुझी लायकी काय' म्हणून मारतात, आणि वर असली की 'लई शहाणी झालीस' म्हणून मारतात. मारणारा उंची बघून मारत नाही. त्याला निमित्त पाहिजे असतं, आणि निमित्त बाईच्या डोक्यावरून पण मिळतं, पायाखालून पण. माझ्या लेकाच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर एक पोरगी बँकेत साहेब आहे. तिच्या घरातून टीव्हीचा आवाज कधी कधी एकदम वाढतो. लोकांना वाटतं, क्रिकेट लागलंय. मी मात्र जिना उतरून बेल वाजवते आणि साखर मागते. माझ्या घरात साखर भरपूर आहे.

तर ताटाचं सांगत होते. दाजी आधी आबांसारखंच जेवायचे. ताटात अक्कासाठी राखायचे, मोरीत जाऊन हात धुवायचे, आणि अक्का त्या ताटात बसायची. तिथंही बदल होत गेला. आधी भाकरीचा चतकोर बारीक झाला. मग भाकरी गेली, नुसता करपलेला पापुद्रा राहिला. शेंगदाण्याची चटणी अक्काला आवडायची, ती चाटूनपुसून जायची आणि मिरचीचे देठ राहायचे. अक्का त्याच ताटात वरून वाढून घ्यायची आणि खायची. मी म्हणलं, "अक्का, दुसरं ताट घे की." ती म्हणली, "वेगळं ताट घेतलं की बाई वेगळी झाली, असं धरतात गं."

त्या संक्रांतीला गावातल्या बायांनी एक उद्योग केला. ज्यांची ज्यांची बाळंतपणं अक्कानं केली होती त्या सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एक स्टीलचं ताट घेतलं. स्टील तेव्हा नवीन, आरशासारखं. लोह्याच्या बाजारात नाव घालून देणारा बसायचा, छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन. बायांचा घोळका त्याच्यापुढं. त्यानं विचारलं, "नाव?" "वत्सला." "मालकाचं?" झालं, सगळ्या गप. आपल्याकडं बाई स्वतःच्या मालकाचं नाव घेत नाही, मग दुसरीच्या मालकाचं विचारणार कोण? कासाबाई म्हणली, "शिष्टरचा मालक म्हंजी शिष्टरचा मालक. त्याला आनि कशाला नाव?" तो म्हणला, "अवं, बाईच्या मागं काहीतरी घालावं लागतंय की, मोकळं कसं सोडू?" "मग शिष्टर घाल." त्यानं ठोकून दिलं, 'वत्सला शिष्टर'. नव्या ताटाच्या काठावर, टिंबाटिंबांच्या अक्षरात, आजूबाजूला एक एक फूल. आमच्या आख्ख्या खानदानात नुसत्या बाईचं नाव असलेलं ते पहिलं भांडं. बायांनी हळदीकुंकवाला ते तिळगूळ भरून अक्काच्या ओटीत घातलं. अक्का रडली. मी ते नाव मोठ्यानं वाचून दाखवलं आणि बाया खिदळल्या.

दाजींनी ते संध्याकाळी उलटंपालटं करून बघितलं. आतून बघितलं, पाठीमागून बघितलं. म्हणले, "माझं नाव कुठाय?"

"बायांना ठाव नव्हतं," अक्का म्हणली.

"ठाव नव्हतं? मी ह्या गावात राहतो, खातो, पितो, आन् ठाव नव्हतं?"

दुसऱ्या दिवसापासून ते त्याच ताटात जेवायला लागले. माझ्या हातून मागून घ्यायचे, "गये, शिष्टरबाईचं ताट आण." चवीनं जेवायचे. जेवण झालं की तांब्या उचलायचे आणि अक्काच्या नावावर हात धुवायचे. बसल्या जागी. बोटं एकेक करून. खरकटं पाणी ताटात फिरायचं आणि ते ताट तिच्यापुढं सरकवायचे, "जेव आता."

अक्का त्यात जेवली नाही. पण ताटही घेतलं नाही दुसरं. ती भाकरी हातावर घेऊन मोरीपाशी माझ्याजवळ बसून घाईघाईनं खायला लागली. हेच दाजींना सोसेना. एका दुपारी ते म्हणले, "ताटात जेव." अक्का म्हणली, "त्यात पाणी हाय." एवढंच. त्यांनी ताट उचललं आणि काठानं तिच्या भुवईवर मारलं. दाराला कडी होतीच. मला म्हणले, "रेडिओ."

मी उठले. छबू कडेवर होती. फळीपाशी गेले. रेडिओवर कुणीतरी गात होतं. मी बटण धरलं आणि उलट्या बाजूला फिरवलं. टक्‌. रेडिओ बंद.

काय ती शांतता! पत्र्यावर कावळा चालत होता तो ऐकू आला. आणि त्या शांततेत दाजींचा हात, अक्काचा हुंदका, ताट फरशीवर पडून गरगर फिरल्याचा आवाज, सगळं ओट्यावर गेलं, ओट्यावरून लिंबाखाली, लिंबाखालून दवाखान्यात. दाजी माझ्याकडं वळले. मी रेडिओ पोटाशी धरून उभी होते, एका हातात लेकरू, एका हातात रेडिओ. "चालू कर!" मी म्हणलं, "न्हाई करत." माझं वय ते काय! पण तोवर बाहेरून दारावर थाप पडली आणि कासाबाईचा आवाज आला, "शिष्टर! पेशंट हाय! उघडा!" पेशंट कुणी नव्हतं. बाया होत्या. दाजींनी कडी काढली, बायांच्या मधून वाट काढत निघून गेले. कासाबाईनं अक्काच्या भुवईवर फडकं दाबलं आणि म्हणली, "आज बाजेला पाचवा कोपरा फुटला वाटतं." अक्का रक्तातून हसली. ते हसू मी विसरणार नाही.

मुखेडच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर कासाबाईनं निरोप धाडला आणि आबा आले. अहमदपूरकडून दाजींना घेऊन त्यांचे थोरले भाऊ आले, बरोबर त्यांच्या भावकीतला एक पिकलेला म्हातारा, त्याला सगळे अण्णा म्हणत. पुढच्या खोलीत सतरंजीवर बैठक बसली. मी आणि अक्का आत स्वैपाक करत होतो, पुरणपोळी आणि येसराची आमटी, आणि सगळं ऐकू येत होतं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत न्हाईत," अण्णा म्हणले.

"बाईनं नोकरी सोडावी, गावाकडं यावं. शेत हाय, घर हाय. माधवला तिथं इज्जत हाय," थोरला भाऊ.

"माझी पोर..." आबांचा आवाज आला आणि तिथंच थांबला. मग म्हणले, "ती नमतं घेईल. मी सांगतो तिला."

अक्का पुरण वाटत होती. तिचा हात थांबला, परत चालू झाला. ठरलं ते असं की अक्कानं राजीनामा द्यायचा, चार दिवसांत सामान बांधायचं, आणि आज सगळ्यांच्या देखत नवऱ्याच्या ताटात जेवून तोंड गोड करायचं, म्हणजे भांडण मिटलं. आबा आत आले. माझ्या बापाचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. "बाई," म्हणले, "संसार हाय. एक डाव झुकून बघ."

"लई डाव झुकले, आबा," अक्का म्हणली. "आता खाली जमीनच हाय."

आबा बाहेर जाऊन पंगतीत बसले.

गडी जेवायला बसले. दाजींना मी तेच ताट वाढलं, त्यांनी मागितलं म्हणून. नवं कापड घातलं होतं त्यांनी, हसत होते, आमटीला वा वा म्हणत होते. ओट्यावर बाया येऊन बसल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं, दार उघडंच होतं. दाजींनी पोळीचा एक तुकडा राखला, अण्णांना दाखवला. अण्णा खूश. "बघा, राखलं! ये बाई वत्सला, बैस."

अक्का आली. खाली वाकली, ताटाला हात लावणार, तेवढ्यात दाजींनी तांब्या उचलला आणि त्या पोळीच्या तुकड्यावर हात धुतले. सावकाश. चारचौघांत. डोळे अक्काच्या डोळ्यात घालून.

थोरला भाऊ म्हणला, "मस्करी करतोय त्यो." अण्णांनी मान हलवली, "नवराबायकोची गंमत." अक्कानं आबांकडं बघितलं. आबांनी आपल्या ताटात बघितलं.

मग अक्कानं ते ताट दोन्ही हातांनी उचललं आणि मोरीत गेली. बाहेर सगळ्यांना तिचा घासायचा आवाज येत होता. राख, काथ्या, राख, काथ्या. भांडं घासायला एवढा वेळ कधी लागत नाही. तिनं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, कनवटीचं घड्याळ काढून मनगटाला बांधलं आणि बाहेर आली. आणि कुठं बसावं? पंगतीत. आबांच्या शेजारी, गड्यांच्या ओळीत, पाट घेऊन. ताट पुढं ठेवलं, नाव आपल्याकडं फिरवून. म्हणली, "गया, वाढ."

मी छबूला कासाबाईकडं दिलं आणि वाढलं. पोळी वाढली, तूप वाढलं, आमटीची वाटी ठेवली. ती खायला लागली.

"हे काय चाललंय?" दाजी ओरडले. "ऊठ! नीघ! नीघ माझ्या घरातून!"

अक्कानं घास चावला, गिळला. ओट्यावरून कासाबाईनं विचारलं, अगदी साधेपणानं, रस्ता विचारावा तसं, "कुणाच्या घरातून म्हनला?"

बाया हसल्या. एक हसली, मग सगळ्या. 'नीघ माझ्या घरातून' हे वाक्य आपल्याकडच्या गड्याला शिकवावं लागत नाही, बापाकडून लेकाकडं आपोआप येतं. आपण कुठं उभे आहोत ते बघायचं दाजींच्या ध्यानातच आलं नाही.

"घर दवाखान्याचंय," अक्का म्हणली. आवाज चढवला नाही तिनं, पेशंटला गोळी कशी घ्यायची सांगावं तसं सांगितलं. "दवाखान्यानं ते मला दिलंय, मी इथल्या बायांची बाळंतपणं करते म्हणून. दारावर पाटी हाय, वाचून घ्या. तुम्ही इथं पाव्हणे हायसा. पाव्हणे म्हणून हात उचललात ते शेवटचं. राजीनामा मी देत न्हाई. आता जेवू द्या, दोन वाजता माझी ड्यूटी हाय."

"आवं, तुम्ही बाप हायसा, बोला की!" अण्णा आबांवर डाफरले.

आबा जरा बाजूला सरकले, अक्काला मांडी नीट घालता यावी म्हणून. पोळ्यांची टोपली ओढली, एक पोळी उचलली आणि तिच्या ताटात वाढली. माझ्या बापानं आयुष्यात कुणाला वाढलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. त्यांना नीट वाढताही आलं नाही, पोळी नावावर पडली. अक्कानं ती बाजूला सरकवली आणि खाल्ली.

थोरला भाऊ उठला. "चल माधव. अहमदपूरची बस हाय." दाजी बॅग घेऊन गेले. जाताना ओट्यावरच्या बायांनी पाय आखडून त्यांना वाट करून दिली. उठलं कुणी नाही.

लोक विचारतात, मग सुधारले का? मला ह्या प्रश्नाचा राग येतो. अक्का सुधारली का, असं कुणी विचारत नाही. ती सुधारली. बाजेवर बसायला लागली. मला रोज रात्री जेवणाआधी शिकवायची, मग मी सातवीची परीक्षा बाहेरून दिली. दाजी बाजाराच्या दिवशी छबूला भेटायला यायचे. अक्का ओट्यावर चहा द्यायची, कधी जेवायलाही वाढायची, साध्या ताटलीत. पहिल्या खेपेला जेवण झाल्यावर त्यांचा हात सवयीनं तांब्याकडं गेला, थांबला, आणि ते उठून मोरीकडं गेले. मला वाटलं अक्का काहीतरी बोलेल. तिनं बघितलंही नाही. हात मोरीत धुतले म्हणून काय गड्याची आरती करायची असते काय? ते संध्याकाळच्या बसनं परत गेले, आणि राहायला म्हणून कधी आले नाहीत, कारण राहा म्हणून कुणी म्हणलं नाही.

माझं लग्न अर्धापूरकडं ठरलं, केळीवाल्यांच्या घरात. खाऊनपिऊन सुखी, मालक कॉलेजात गेलेले, मी बाहेरून सातवी. आता ते वर आणि मी खाली. मायनं पितळेची पातेली दिली, आबांचं नाव घातलेली. अक्कानं मला घेऊन लोह्याचा बाजार गाठला. तोच माणूस बसला होता, चष्मा लागला होता त्याला. "नाव?" म्हणला. अक्का म्हणली, "गया." "पुढं काय घालू?" "फूल घाल."

सासरी पहिल्या दुपारी पंगत उठली. मालक हात धुवायला बाहेर गेले, ताटात त्यांनी पोळीचा चांगला मोठा तुकडा आणि केळ्याची शिकरण राखली होती, माणूस मनानं वाईट नव्हताच. सासूबाईंनी ते ताट मायेनं माझ्यापुढं सरकवलं, "बैस गं पोरी." सगळ्या जावा बघत होत्या. मी पाटावरून उठले, ट्रंकेपाशी गेले, लुगड्यांच्या तळातून माझं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि पुढ्यात मांडलं.

"हे काय?" सासूबाई म्हणल्या.

"ताट हाय, आत्याबाई," म्हणलं. "माझं."

आणि वाढून घेतलं.